तुळापूरनंतरची तीस वर्षे : महाराणी येसूबाईंची विसरलेली लढाई

छत्रपती संभाजी महाराजांची कथा कुठे संपते, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ११ मार्च १६८९, तुळापूर. वसंत कानेटकरांचे ‘इथे ओशाळला मृत्यू’ हे नाटक, शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी, छोट्या पडद्यावरची ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला ‘छावा’ हा चित्रपट. माध्यमे बदलली, पिढ्या बदलल्या, पण कथा तुळापूरला येऊन थांबते. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो.

रायगडावर मात्र त्या दिवसांत काहीच थांबलेले नव्हते. राजा शत्रूच्या हाती सापडला होता, औरंगजेबाची फौज राजधानीच्या दिशेने निघाली होती आणि गडावर एका राणीला ठरवायचे होते की राज्य वाचवायचे कसे. तिने जो निर्णय घेतला, त्यामुळे मराठ्यांचे राज्य बुडाले नाही. त्या निर्णयाची किंमत मात्र तिने स्वतःच्या आयुष्यातली जवळजवळ तीस वर्षे कैदेत घालवून मोजली. ही राणी म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या शृंगारपूरची लेक, महाराणी येसूबाई.

स्वराज्याच्या वीरगाथेत त्या आहेत, नाहीत असे नाही. नाटकात आहेत, कादंबरीत आहेत, पडद्यावरही आहेत. पण निरोपाचे तबक हाती घेतलेली पत्नी, एवढीच त्यांची जागा उरली आहे. त्यांचा खरा पराक्रम जिथे सुरू होतो, नेमका तिथेच पडदा पडतो. म्हणून ही हकीकत तुळापूरच्या पुढे नेऊन सांगायला हवी.

शृंगारपूरची लेक

संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी, प्रचितगडाच्या कुशीत शृंगारपूर वसले आहे. आज ते आडबाजूचे गाव वाटते. सतराव्या शतकात मात्र ते एका छोट्या सत्तेचे ठाणे होते. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर इथून नजर ठेवता येत असे. गावावर सुर्व्यांचा अंमल होता आणि शिर्के हे त्यांचे मातब्बर कारभारी. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी दाभोळ, संगमेश्वर, राजापूर हा पट्टा ताब्यात घेतला, त्याच मोहिमेत शृंगारपूरही घेतले. सुर्वे परागंदा झाले आणि पिलाजीराव शिर्के स्वराज्यात दाखल झाले.

नव्याने जोडलेल्या मुलखातली मातब्बर घराणी टिकवून धरायची तर सोयरीक हा त्या काळचा खात्रीचा उपाय. महाराजांनी तो दुहेरी वापरला. आपली कन्या राजकुंवर पिलाजीरावांचे पुत्र गणोजी यांना दिली आणि पिलाजीरावांची कन्या युवराज संभाजीराजांसाठी केली. साटेलोटे झाले. शिर्क्यांची लेक भोसल्यांची सून झाली, येसूबाई म्हणून.

पुढे १६७६ ते १६७८ या काळात संभाजीराजे प्रभावळी सुभ्याच्या कारभारासाठी शृंगारपुरातच मुक्कामाला होते. येसूबाईंच्या दृष्टीने हे माहेरच होते. त्याच गावात पतीचा दरबार भरत होता आणि सुभ्याचा कारभार चालत होता. कवी कलश, पंडित मंडळी, संस्कृत ग्रंथांची चर्चा, वसुलीचे कागद, रयतेच्या तक्रारी हे सारे त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होते. राज्यकारभार त्या आधी माहेरी शिकल्या आणि नंतर राजधानीत गेल्या, असे म्हटले तर चूक होणार नाही.

१६७८ च्या अखेरीस संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाच्या गोटात गेले आणि वर्षभरात परतले. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराज गेले. गादीवर धाकटे सावत्र भाऊ राजाराम यांना बसवावे, असा घाट राजारामांच्या आई महाराणी सोयराबाई आणि काही प्रधानांनी घातला. संभाजीराजांनी तो मोडला, रायगड ताब्यात घेतला आणि १६ जानेवारी १६८१ रोजी राज्याभिषेक करवून घेतला. भावाभावांतली, सासू-सुनेतली ही तेढ लक्षात ठेवायला हवी. आठ वर्षांनी येसूबाईंनी काय केले याचे मोल तिच्यामुळेच कळते.

राणीची मुद्रा

संभाजी महाराजांची कारकीर्द म्हणजे अखंड स्वाऱ्या. बुऱ्हाणपूर, जंजिरा, गोवा, शिवाय स्वतः दक्षिणेत उतरलेला औरंगजेब. राजा सतत घोड्यावर असताना राजधानीचा कारभार कोणीतरी पाहायला हवा होता. तो येसूबाई पाहत होत्या. त्यांच्या नावाची मुद्रा होती, ‘श्री सखी राज्ञी जयति’. राणीच्या नावाची मुद्रा कागदावर उमटते याचा अर्थ तिच्या हुकमाला राज्याचा हुकूम मानले जाते. अंतःपुरातल्या मानापानापेक्षा हा अधिकार निराळा होता. शिक्क्याखाली जबाबदारी येते आणि चुकले तर जाबही द्यावा लागतो.

१८ मे १६८२ रोजी माणगावजवळ गांगोली इथे शाहूंचा जन्म झाला. कन्या भवानीबाई त्यांच्याहून थोरल्या. आता गादीला वारसही होता.

तिकडे औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा बुडवला. दक्षिणेतल्या दोन जुन्या बादशाह्या संपल्या, तेव्हा त्याची सारी फौज, तोफखाना आणि खजिना एकाच शत्रूसाठी मोकळा झाला. नेमक्या याच वेळी घरातही आग लागली. वतनाच्या कारणावरून शिर्के दुरावले होते. १६८८ च्या उत्तरार्धात शिर्के आणि महाराजांचे विश्वासू कवी कलश यांच्यात लढाई जुंपली, कलशांना माघार घेऊन विशाळगड गाठावा लागला आणि त्यांच्या मदतीला स्वतः संभाजी महाराजांना धावून जावे लागले. जेधे शकावली या जुन्या कालनोंदीत याचा उल्लेख आहे. शिर्क्यांनी पुढे मोगलांना खबर दिली, असा आरोप परंपरेने केला आहे. त्याबद्दल काहीही म्हटले तरी एक गोष्ट उरतेच. येसूबाईंच्या माहेरची आणि सासरची माणसे एकमेकांवर तलवार उपसून उभी होती, आणि त्या रायगडावर बसून राज्य सांभाळत होत्या.

संगमेश्वर

१ फेब्रुवारी १६८९. महाराज संगमेश्वराजवळ कसब्यात होते. सोबत थोडी माणसे होती. कोल्हापूरच्या बाजूला असलेला मोगल सरदार मुकर्रबखान खबर मिळताच निवडक घोडदळ घेऊन घाट उतरला. सह्याद्रीच्या त्या अडचणीच्या वाटांनी मोगलांची फौज इतक्या वेगाने येईल, हे कोणाच्या गावीही नव्हते. झटापट झाली, तीत सेनापती म्हाळोजी घोरपडे पडले, आणि महाराज व कवी कलश पकडले गेले.

कसब्यातले कर्णेश्वराचे प्राचीन मंदिर पाहायला आजही लोक येतात. त्याच गावात महाराजांचे स्मारक आहे. शृंगारपूर आणि कसबा ही दोन्ही गावे एकाच तालुक्यातली. येसूबाईंचे माहेर आणि त्यांच्या संसाराचा घात झाला ते ठिकाण, यांत फार अंतर नाही.

बातमी रायगडावर पोहोचली तेव्हा महाराज जिवंत होते, पण परत येण्याची आशा क्षीण होती. गडावर त्या वेळी राजघराण्याची जवळजवळ सगळी माणसे होती. जवळपास एकोणीस वर्षांचे राजाराम, त्यांच्या राण्या, शिवाजी महाराजांच्या हयात असलेल्या पत्नी सकवारबाई, आणि सहा वर्षांचे शाहू. औरंगजेबाला एकच गड घेऊन सारे मराठी राज्य संपवता आले असते.

गादी आणि गड

रायगडावर मसलत बसली. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीने त्या मसलतीची हकीकत दिली आहे. बखर नंतरच्या काळातली असली तरी येसूबाईंनी मांडलेल्या सल्ल्याचा आशय तिच्यात स्पष्ट आहे, आणि पुढे जे घडले ते त्याला धरूनच घडले. त्यांचे म्हणणे असे होते : सगळ्यांनी एका गडावर कोंडून घेण्यात शहाणपण नाही. राजारामांना राज्यावर बसवावे. त्यांनी सरदारांसह बाहेर पडावे, मुलखात फिरते राहावे आणि लढत राहावे. आपण शाहूंना घेऊन गडावर राहू.

या सल्ल्यातली प्रत्येक गोष्ट नीट पाहायला हवी.

पहिली गोष्ट, गादी. गादीचे वारस होते शाहू, येसूबाईंचे स्वतःचे पुत्र. राजारामांसाठी ज्या गटाने १६८० मध्ये कारस्थान केले, त्याच गटामुळे येसूबाईंच्या पतीचे राज्य धोक्यात आले होते. तेव्हापासून राजाराम नजरकैदेत होते. मनात किल्मिष धरून, मुलाला गादीवर बसवून स्वतः कारभार हाती घेणे येसूबाईंना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. सहा वर्षांचा राजा घोड्यावर बसून लढू शकणार नाही, एकोणीस वर्षांचा लढू शकेल, एवढाच त्यांनी विचार केला. फेब्रुवारी १६८९ मध्येच, महाराज कैदेत असतानाच, राजारामांचे मंचकारोहण झाले.

दुसरी गोष्ट, गड. शिवकाळात राज्य म्हणजे गड, आणि गडांचा गड म्हणजे रायगड. तो गेला तर राज्य गेले, अशीच सर्वांची धारणा. येसूबाईंनी राज्य गडापासून सोडवले. राजा जिथे जाईल तिथे राज्य जाईल, हा विचार त्यांनी मांडला, आणि पुढची अठरा वर्षे मराठे त्याच विचाराने लढले.

तिसरी गोष्ट, त्या स्वतः. सगळेच बाहेर पडले असते तर मोगल सगळ्यांच्याच मागे लागले असते. गडावर राणी आणि युवराज आहेत म्हटल्यावर वेढा गडाला पडणार, आणि राजारामांना निसटायला सवड मिळणार. आपण आणि आपले मूल शत्रूच्या हाती पडणार, हे कळत असूनही त्यांनी ही जागा निवडली.

११ मार्चला तुळापूरला महाराजांची हत्या झाली. २५ मार्चला इतिकादखानाच्या फौजेने रायगडाला वेढा घातला. हा इतिकादखान म्हणजे वजीर असदखानाचा मुलगा. ५ एप्रिलला राजाराम गडावरून निसटून प्रतापगडाकडे गेले. तिथून पन्हाळा आणि पुढे वेषांतर करून कर्नाटकातून नोव्हेंबर १६८९ मध्ये जिंजीचा किल्ला. प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ यांच्यासारखी माणसे बरोबर होती. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी मोगलांना सळो की पळो करून सोडले.

रायगड या सगळ्या काळात झुंजत होता. मार्चअखेरीपासून ऐन पावसाळा काढून ३ नोव्हेंबर १६८९ पर्यंत, सात महिन्यांहून जास्त. गड पडला त्या वेळी राजाराम जिंजीच्या वाटेवर मोगलांच्या आवाक्याबाहेर गेलेले होते. ज्यासाठी गड लढवला, ते साधले होते. येसूबाई, शाहू, सकवारबाई आणि त्यांची माणसे मोगलांच्या ताब्यात गेली. या कामगिरीबद्दल इतिकादखानाला ‘झुल्फिकारखान’ हा किताब मिळाला. औरंगजेबाला वाटले, मराठ्यांचे राज्य संपले.

गुलालबारातले दिवस

कैद म्हटले की डोळ्यांपुढे अंधारकोठडी येते. येसूबाईंची कैद तशी नव्हती, आणि म्हणूनच ती अधिक कठीण होती. बादशहाच्या छावणीत लाल कनातींनी वेढलेला खासा तंबूंचा भाग असे, त्याला गुलालबार म्हणत. त्याच्याच लगत या कुटुंबाला ठेवले. शाहूंना ‘राजा’ हा किताब आणि सात हजारी मनसब मिळाली. मनसबदाराची आई म्हणून येसूबाईंना वागणूक अदबीची होती, पण पहाऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हते.

ही छावणी म्हणजे फिरते शहर. बाजारपेठा, कारखाने, हत्ती, उंट, लाखांनी माणसे. आज कोरेगाव, उद्या विजापूरची बाजू, मग गलगले, मग भीमेकाठचे ब्रह्मपुरी, आणि शेवटी अहमदनगर. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला महापूर आला आणि छावणीत हाहाकार उडाला. असल्या मुक्कामांत एका आईने आपला मुलगा वाढवला. सहाव्या वर्षी छावणीत गेलेले शाहू चोविशी उलटून बाहेर पडले. म्हणजे त्यांचे बालपण, विद्या, संस्कार, लग्ने हे सारे शत्रूच्या छावणीत झाले.

औरंगजेबाची कन्या झीनतुन्निसा बेगम हिने या मायलेकांना माया लावली, ही गोष्ट मराठी साधनांनीही कृतज्ञतेने नोंदवली आहे. पण बादशहाचे मन फिरायला वेळ लागत नसे. १७०३ मध्ये शाहूंनी मुसलमान व्हावे, असा आग्रह त्याने धरला. शाहूंनी नकार दिला. हे संकट शेवटी शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर यांच्या दोन मुलांनी आपल्या अंगावर घेतले आणि धर्मांतर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस छावणीतच शाहूंची लग्ने लागली. एक वधू सिंदखेडच्या जाधवांची, दुसरी कण्हेरखेडच्या शिंद्यांची. मराठा राजपुत्राचे लग्न मराठा घराण्यात व्हावे, कुळाचार पाळले जावेत, हे छावणीतही साधले गेले. त्यामागे घरातली वडीलधारी बाई होती, हे वेगळे सांगायला नको.

येसूबाईंनी या काळात चिंचवडच्या देव घराण्याला लिहिलेले पत्र इतिहासकारांना सापडले आहे. त्यात कैदेतल्या खर्चाची ओढाताण आहे, झालेले कर्ज आहे आणि मदतीची विनंती आहे. ज्या हातांनी कधी राज्याची मुद्रा उमटवली, त्याच हातांना आता पदरच्या माणसांच्या पोटापाण्याची विवंचना करावी लागत होती. जोत्याजी केसरकरांसारखी निष्ठावंत माणसे या काळात त्यांच्यासोबत होती. पत्रे बाहेर जात होती, बातम्या आत येत होत्या. राज्याशी असलेला धागा त्यांनी तुटू दिला नाही.

बाहेर काय चालले होते? जिंजी १६९८ मध्ये पडली, पण राजाराम तिथूनही निसटून महाराष्ट्रात आले. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी महाराणी ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवून लढाईची सूत्रे हाती घेतली आणि औरंगजेबाला त्याच्या मरणापर्यंत उसंत दिली नाही. ताराबाईंचा पराक्रम निर्विवाद आहे. पण ज्या राज्यासाठी त्या लढल्या, ते राज्य लढते राहिले ते १६८९ च्या रायगडावरच्या निर्णयामुळे. राजारामांनी स्वतः एका पत्रात लिहून ठेवले होते की शाहू देवाच्या कृपेने परत येतील, राज्य त्यांचेच आहे, आपण ते सांभाळतो आहोत. येसूबाईंनी धाकट्या दिरावर टाकलेला विश्वास त्यांनी ओळखला होता.

मुलगा सुटला, आई राहिली

१७०७ च्या प्रारंभी अहमदनगरला औरंगजेब मेला. गादीसाठी त्याच्या मुलांत युद्ध पेटले. त्यांतला आझमशहा फौज घेऊन उत्तरेकडे निघाला, त्याच्यासोबत हे कुटुंबही ओढले गेले. झुल्फिकारखानाचा सल्ला असा की शाहूंना सोडावे : ते परत गेले की ताराबाई आणि त्यांच्यात भांडण लागेल आणि मराठे आपसांत झुंजतील. मे १७०७ मध्ये भोपाळजवळ दोराह्याला शाहू मोकळे झाले.

पण येसूबाईंना सोडले नाही. त्या, शाहूंच्या परिवारातल्या स्त्रिया आणि संभाजी महाराजांचा दासीपुत्र मदनसिंग यांना ओलीस ठेवले. मुलगा मोगलांच्या शब्दाबाहेर गेला तर आईच्या जिवाला धोका, असा हा सरळ हिशेब होता. १६८९ मध्ये राजारामांना सोडवण्यासाठी त्या मागे राहिल्या होत्या, १७०७ मध्ये शाहूंच्या सुटकेची किंमतही त्यांनाच द्यावी लागली.

झुल्फिकारखानाचा होरा खरा ठरला. ताराबाईंनी शाहूंचा हक्क नाकारला. खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला आले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. गादी मिळाली, पण राज्य दुभंगले. शिवाय शाहूंचे हात बांधलेले होते. आई दिल्लीच्या ताब्यात असताना दिल्लीविरुद्ध उघड तलवार कशी उपसायची? शाहूंच्या सुरुवातीच्या वर्षांतला मवाळपणा पुष्कळांना खटकतो. त्याच्या मुळाशी ही एक गोष्ट आहे, ती विसरून चालणार नाही.

दिल्लीहून सातारा

१७१३ मध्ये श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. तिकडे दिल्लीत बादशहा फर्रुखसियर आणि दरबारातले बलाढ्य सय्यद बंधू यांच्यात वितुष्ट आले. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याला मराठ्यांची मदत हवी होती. शंकराजी मल्हार यांच्या मध्यस्थीने १७१८ मध्ये तहाच्या अटी ठरल्या : शिवाजी महाराजांचे स्वराज्य, दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी हे वसुलीचे हक्क शाहूंना मिळावेत. त्याबदल्यात मराठ्यांनी पंधरा हजार फौज मदतीला ठेवावी आणि सालीना दहा लाख खंडणी द्यावी. या अटींच्या बरोबरीने आणखी एक अट होती : येसूबाई आणि त्यांच्यासोबतची मंडळी परत द्यावी.

मराठी फौज घेऊन बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले. फेब्रुवारी १७१९ मध्ये सय्यदांनी फर्रुखसियरला पदच्युत केले, तेव्हा दिल्लीच्या रस्त्यांवर दंगल उसळली. दीड-दोन हजार मराठे कापले गेले. त्यांत मराठा सरदार संताजी भोसले होते, आणि बाळाजी महादेव भानूही होते. भानूंचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलेच, मंडणगड तालुक्यातले वेळास. नाना फडणिसांचे ते आजोबा. मार्चमध्ये नवा बादशहा रफिउद्दरजात याच्या नावाने सनदा हाती आल्या आणि फौज दक्षिणेकडे फिरली. सोबत येसूबाई होत्या.

जुलै १७१९ च्या आरंभी त्या साताऱ्याला पोहोचल्या. दोराह्यानंतर बारा वर्षांनी मायलेकांची भेट झाली. रायगड सोडला त्याला तीस वर्षे होत आली होती. रायगडावरून निघताना त्या तरुण राणी होत्या, साताऱ्याला आल्या तेव्हा राजमाता. उरलेली वर्षे त्यांनी साताऱ्यात काढली. १७३० च्या आसपास त्यांचे निधन झाले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्यांची समाधी दाखवतात.

परिणामांचा हिशेब

येसूबाईंच्या सुटकेने एक कुटुंब एकत्र आले, पण तेवढ्यावर हिशेब मिटत नाही. दिल्लीच्या हाती असलेला शाहूंच्या गळ्यातला दोर सुटला. १७२० मध्ये बाजीराव पेशवे झाले आणि मराठ्यांच्या फौजा माळव्यात आणि पुढे थेट दिल्लीच्या दाराशी जाऊ लागल्या. त्या विस्ताराची अनेक कारणे आहेत. मोगल सत्तेची मोडकळ, चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि बाजीरावांची घोडदौड ही त्यांतली ठळक. पण छत्रपतींची आई ओलीस असताना हे धोरण आखणे अवघड होते, हेही तितकेच खरे.

आणि त्याच्याही मागे १६८९ आहे. रायगडावर सारे कुटुंब एकत्र कोंडून राहिले असते, तर राजाराम निसटले नसते, जिंजी झाली नसती, ताराबाईंना लढायला राज्यच उरले नसते. शिवकाळ आणि पेशवाई यांमध्ये जो पूल आहे, त्याचा अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही खांब येसूबाईंच्या आयुष्यात रोवलेले आहेत. १६८९ चा निर्णय त्यांचा, आणि १७१८ च्या तहातले कलम त्यांच्यासाठी.

मग त्या विस्मरणात का गेल्या? कारण वीरगाथा तलवारीचा खणखणाट शोधते. हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतली ‘अ‍ॅव्हेंजर्स’ ही सुपरहिरोंची चित्रकथा-मालिका १९६३ साली सुरू झाली. पहिल्या अंकातल्या पाच संस्थापकांत एक स्त्री होती, जॅनेट व्हॅन डाइन ऊर्फ वास्प. संघाला ‘अ‍ॅव्हेंजर्स’ हे नाव सुचवले तेही तिनेच. २०१२ मध्ये या संघावर गाजलेला चित्रपट निघाला, तेव्हा संस्थापकांत ती नव्हतीच. पुढे २०१८ च्या चित्रपटात ती भेटली ती तीस वर्षे एका अज्ञात विश्वात अडकून पडलेली आई म्हणून, जिला सोडवायला तिची मुलगी आणि नवरा जातात. ती कल्पित नायिका, हा खरा इतिहास. पण लोकप्रिय कथा संघातल्या स्त्रीचे काय करते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते. संघ उभा करणारी, त्याला दिशा देणारी बाई आधी मागच्या रांगेत जाते, मग चौकटीबाहेर.

येसूबाईंच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. मृत्यू पत्करणारा वीर एका दिवसात अमर होतो. कैदेत तीस वर्षे सावध राहणे, मूल वाढवणे, माणसे जपणे, कर्ज काढून परिवार पोसणे, आणि आपल्या जिवाच्या धाकाने मुलाने राज्याचे नुकसान करू नये म्हणून धीर धरणे, हे एका प्रसंगात दाखवता येत नाही. ते सांगायला वेळ लागतो. संभाजी महाराजांच्या बलिदानाने मराठी मन पेटले, यात शंका नाही. पण पेटलेल्या मनांना लढायला राजा, गादी आणि आशा हवी होती. ती येसूबाईंनी राखली.

रत्नागिरी जिल्ह्यात या इतिहासाची सुरुवातही आहे आणि त्यातला सर्वांत काळा दिवसही आहे. कसब्याला महाराजांना वंदन करायला जाणाऱ्यांनी तसेच पुढे शृंगारपुरालाही जावे. शाळेतल्या सहलींनी जावे. तिथे मुलांना सांगावे की या गावच्या लेकीने सहा वर्षांच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून राज्य वाचवले. आणि पुढचा जो कोणी लेखक, नाटककार किंवा दिग्दर्शक संभाजी महाराजांची कथा हाती घेईल, त्याने तुळापूरला थांबू नये. मसलत आहे, वेढा आहे, पत्र आहे, दिल्लीची दंगल आहे, मायलेकांची भेट आहे. जुलै १७१९ पर्यंत सांगितल्याशिवाय ती कथा पूर्ण होत नाही, कारण संभाजी महाराजांनी ज्या राज्यासाठी प्राण दिले, ते राज्य तगले की नाही याचे उत्तर येसूबाईंच्या आयुष्यात आहे.